टोकाला शेपूट

“आमचे सर असे नाई काढत, बाबा.”

खुशालरावांची पेन्सिल कागदावरच थांबली. आमचे सर म्हणजे अकोल्याचे धम्मदीप सर. आचल त्यांच्या क्लासला गेली, तिथंच होस्टेलवर राहू लागली, तेव्हापासून दर रविवारी अमरावतीच्या घरात तिच्याआधी सरच पाऊल टाकत. सर असं सांगतात, सर तसं हसवतात. खुशालरावांची उभी हयात कनिष्ठ महाविद्यालयात हेच भौतिकशास्त्र शिकवण्यात गेली होती. पण घरच्या मास्तरला विचारतो कोण? दहावीपर्यंत पोरगी प्रत्येक गणित त्यांच्याकडे घेऊन यायची, पटलं नाही तर हमरीतुमरीवर यायची. आता तो मान भलत्याच माणसाला मिळत होता. सरळ सांगायचं तर खुशालराव जळत होते.

“मंग कसे काढते तुये सर?”

“पयल्या बाणाच्या टोकाले दुसऱ्याची शेपूट लावाची. मंग सुरुवातीपासून शेवटापर्यंत रेघ. झालं परिणामी बल.”

पाच-पाच सेंटिमीटरचे दोन बाण, दोन्ही बलांमध्ये साठ अंशांचा कोन. आचलनं रेघ ओढली, पट्टीनं मोजली. आठ पूर्णांक सात. खुशालरावांनी चूक शोधून पाहिली, पण सापडेना. मग वर्गात जे त्यांनी कधीच केलं नसतं ते केलं.

“चूक आहे,” ते म्हणाले. “दोनी बाण एकाच बिंदूतून पायजेत. समांतरभुज चौकोन काढ अन् त्याचा कर्ण घे.”

“अवो, काहून तिले हैरान करून राह्यले?” साधनाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या.

“तू यात पडू नोको.”

आता पोरगी भांडेल, याचीच ते वाट पाहत होते. ती भांडली असती तर शेजारी बसवून तिला सगळं समजावून सांगणार होते. दोन्ही रीती एकच आहेत, हेही खुशीनं कबूल करणार होते.

आचलनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि खोडरबर उचललं.

“असू द्या, बाबा. तुमच्या पद्धतीनं काढते.”

आजोबांना मोबाइल लावून देताना तिचा सूर अगदी असाच असायचा. तो ओळखून खुशालरावांना कसंनुसं झालं.

तिनं चौकोन काढला, कर्ण मोजला. आठ पूर्णांक सात.

“आता बरोबर ना?”

“बरोबर,” खुशालराव म्हणाले, आणि खिशातलं लाल पेन काढून त्यांनी उत्तरापुढे खूण केली. आचल तोवर अकोल्याची पिशवी भरायला उठली होती.