चार बोटं उंच

सगळे तिला टिल्लू म्हणत. उंचीच तेवढी. पण बाबांच्या सुतारकामाच्या दुकानात अकरा वर्षं तिचा हात असा चालला होता, की गिऱ्हाइकं थेट तिलाच विचारत यायची. दादा परगावी ऑफिसात होता. त्यानं कधी रंधाही धरला नव्हता. "हे पुढं तुझंच," बाबा येता-जाता म्हणायचे.

फळ्यांना गोल कडा काढायच्या तर राउटर, म्हणजे फिरत्या पात्यानं लाकूड कोरणारं मशीन, हातात धरून चालवावं लागे. मशीन जरा डगमगलं की फळी वाया. म्हणून टिल्लूनं टेबल करायचं ठरवलं. राउटर खाली उलटा टांगायचा, पातं भोकातून वर काढायचं आणि लाकूडच त्याच्यापुढून सरकवायचं. मोडीतल्या एका कपाटाचा सांगाडा घेतला, वर जाड प्लाय, त्यावर सनमायका.

बाबा टेप घेऊन आले. "उंची चार बोटं वाढव."

"अहो, माझ्या कोपराच्या वर जाईल."

"जाऊ दे. वाकून वाकून माझ्या पाठीचं काय झालंय, बघतेस ना? तुझ्या पाठीचं तसं नको व्हायला."

तिला भरून आलं. उंची वाढवली आणि स्वतःला उभं राहायला खाली एक फळी ठोकून घेतली. तीन रविवार त्यात गेले. राउटरची पत्र्याची बैठक प्लायशी सपाट येईना. कागदाच्या घड्या घालघालून ती आणली. पहिली कड निघाली तेव्हा बाबांनी त्या कडेवरून अंगठा फिरवला आणि चहा सांगितला.

दुसऱ्याच दिवशी दादा आला, बॅगांसकट. टेबलापाशी उभा राहिला, सहज हात टेकले. टेबल नेमकं त्याच्या कोपरांच्या उंचीचं होतं. टिल्लू बाबांकडे वळली.

"बाबा, हे माप दादाचं आहे?"

बाबा खिळ्यांचा डबा चाळू लागले. "त्याची नोकरी गेलीय, महिना झाला. दोन पोरं पदरात. दुकान त्याच्या नावावर केलंय. शिकवायला तू आहेसच की."

"म्हणजे तुला माहीत नव्हतं?" दादा गोंधळला. "मला तर म्हणाले, टिल्लूनंच सुचवलंय. टेबलही तू माझ्यासाठीच करतेयस, म्हणाले."

समोर बसवून सांगितलं असतं, तर ती भांडली असती, रडली असती, कदाचित शेवटी हो म्हणालीही असती.

"माझ्या पाठीचं तेवढं नाव घ्यायला नको होतं, बाबा," ती म्हणाली. राउटर तिच्या पैशाचा होता. तिनं चार स्क्रू सोडवले, तो पिशवीत घातला आणि निघाली. "अगं, ऐक तर," बाबा म्हणाले. पण उठले नाहीत.

दोन गल्ल्या पलीकडच्या फर्निचरच्या कारखान्यात तिला लगेच काम मिळालं. काही आठवड्यांनी दादा तिथं आला. अंगठ्याला पट्टी.

"नवा राउटर बसवला. लाकूड हातातून हिसकावून घेतो गं."

"कुठून ढकलतोस?"

"डावीकडून."

"वेडा आहेस का! उजवीकडून डावीकडे. पात्याच्या फिरण्याला सामोरं जायचं. नाहीतर बोटं जातील."

तिनं त्याच्याकडून रिकाम्या बाकावर दोनदा करवून घेतलं. जाताना तो रेंगाळला. "बाबा रोज विचारतात, टिल्लू काय म्हणते."

"काही म्हणत नाही, सांग," ती म्हणाली आणि कामाला आत गेली.