त्रिलोकेकरांच्या घरातला फितूर

वाडीच्या मंडळाने यंदा ज्येष्ठ नागरिकांच्या कॅरमला रजा दिली आणि त्याच्या जागी फुटबॉलचा व्हिडीओ गेम आणला. काळाचौकीच्या मंडळाने ज्येष्ठांसाठी या गेमचे सामने ठेवले होते, आणि काळाचौकीने बोलवायचं आणि गिरगावने जायचं नाही, हे बरं दिसलं नसतं. मंडळाचा चिटणीस हेरंब याने फळ्यावर लिहिलं की वाडीचा कप्तान येत्या रविवारी ठरेल. उमेदवार दोन, श्यामकांत त्रिलोकेकर आणि ॲलॉयशियस मिस्किटा. तिसऱ्या कुणी नाव दिलं नाही. बाकीच्या ज्येष्ठांना मोतीबिंदू तरी होता किंवा अक्कल तरी.

त्रिलोकेकरांना कप्तानपद हवं होतं, असं म्हणणं कमी पडेल. ते आपलंच आहे अशी त्यांची समजूत होती. कॅरमच्या जमान्यात कप्तान तेच. मंडळाच्या कचेरीत भिंतीवर ओळीने फोटो लावलेत. प्रत्येक फोटोत मधल्या खुर्चीवर त्रिलोकेकर बसलेले आणि बाकीचा संघ मागे उभा. मिस्किटा दरवर्षी डावीकडून दुसरे. ती खुर्ची मिस्किटांकडे जाणार आणि आपण डावीकडून दुसरे होणार, या नुसत्या विचाराने त्रिलोकेकर कचेरीत जाऊन फोटो मोजून येत.

त्रिलोकेकर बँकेच्या दक्षता खात्यातून निवृत्त झाले होते. कुणावर संशय नाही असा एक दिवस गेला तर त्यांना पगार फुकट घेतल्यासारखं वाटायचं. त्यांनी पकडलेली माणसं बहुतेक निर्दोष सुटली, पण पकडण्यात काही कसूर झाली असं कुणी म्हणू शकलं नाही. मिस्किटा विमान कंपनीच्या तिकीट कचेरीतून निवृत्त झालेले, आनंदी गृहस्थ. ते वाडीच्या दुसऱ्या टोकाला, लाकडी जिन्याच्या घरात राहतात. दोघांची मैत्री शाळेपासूनची, त्यामुळे एकमेकांबद्दल चांगलं बोलायची सवय नाही.

गेमचं यंत्र त्रिलोकेकरांच्या सुनेचं, अनुजाचं. ती आर्किटेक्ट आहे आणि या गेममध्ये कॉलेजपासून तरबेज आहे. सासऱ्यांना शिकवायचं तिने आपणहून कबूल केलं. त्रिलोकेकरांना इथेच पहिली शंका आली, कारण आपणहून कुणी काही कबूल करतं हे त्यांनी नोकरीत कधी पाहिलं नव्हतं.

"बाबा, पळायचं बटण सारखं दाबून ठेवू नका," अनुजा म्हणाली. "पळणाऱ्याचा बॉल पायापासून लांब जातो आणि समोरचा आरामात काढून घेतो. चालत राहा, पास द्या, मोकळी जागा दिसली की मग पळा."

त्रिलोकेकरांनी मान डोलावली. सून आपल्याला हळू खेळायला सांगते आहे, यात तिचा फायदा काय, हे त्यांना लगेच कळेना.

"बचाव करताना बॉलवर झडप घालू नका. त्याच्या आणि गोलच्या मधे नुसते उभे राहा. त्याला घाई होऊ दे, तो चुकेल."

"म्हणजे मी काही करायचंच नाही."

"बचाव म्हणजे बराचसा तेच असतं, बाबा. आणि गोलकीपरला पुढे काढायचं बटण आहे ना, ते नाहीच असं समजा."

हे मात्र फार झालं. कंपनीने बटण दिलंय आणि सून म्हणते ते नाहीच. त्याच संध्याकाळी मिस्किटा सरावाला आले तेव्हा त्रिलोकेकरांनी गोलकीपरला पुढे काढला. मिस्किटांनी त्याच्या डोक्यावरून बॉल अलगद आत टाकला आणि चहात बिस्किट बुडवलं.

एक सल्ला मात्र त्रिलोकेकरांना मनापासून पटला. गोल समोर आला की शूटचं बटण टिचकी मारल्यासारखं दाबायचं. दाबून धरलं तर ताकदीची पट्टी भरते आणि बॉल गोलवरून प्रेक्षकांत जातो. टिचकीचं त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांचे शॉट हळूहळू गोलाच्या चौकटीत जाऊ लागले. आणि तिथे दर वेळी मिस्किटांचा गोलकीपर आधीच पोचलेला असायचा.

रोज पाच वाजता मिस्किटा यायचे, सोफ्यावर शेजारी बसायचे, सराव म्हणून एक सामना व्हायचा आणि मिस्किटा जिंकायचे. हरण्याचं त्रिलोकेकरांना तितकं काही नव्हतं. पण त्यांनी डावीकडे मारायचं ठरवलं की मिस्किटांचा माणूस डावीकडे. उजवीकडे पास द्यायचं ठरवलं की उजवीकडे. ठरवलेलं माणसाच्या डोक्यात असतं. ते बाहेर जातं कसं?

"अलू, तुला कसं कळलं रे मी तिकडे मारणार?" असं त्यांनी विचारलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण संशयिताला सरळ विचारायचं नाही, हा खात्याचा पहिला नियम. त्यांनी सापळा लावायचं ठरवलं.

गुरुवारी दुपारी ते स्वयंपाकघरात गेले. त्यांच्या पत्नी सुनंदाबाई पापलेटच्या भुजण्याची तयारी करत होत्या.

"सुनंदा, तुला म्हणून सांगतो. आज मी सगळं डाव्या बाजूने खेळणार."

"बरं," सुनंदाबाई म्हणाल्या. "लसूण द्या जरा तिकडची."

मग त्यांनी अनुजाला गाठून सांगितलं, आज प्रत्येक कॉर्नर जवळच्या खांबापाशी टाकणार. नात ओवी कॉलेजातून आली तेव्हा तिला दारातच सांगितलं की आज आपण लांबूनच शॉट मारणार आहोत, गोलापाशी जाणारच नाही.

"आजोबा, लांबून मारून काही होत नाही," ओवी बूट काढत म्हणाली.

"ते माझं मी बघतो. तू कुणाला बोलू नकोस."

संध्याकाळी त्रिलोकेकर डाव्या बाजूने खेळले, मिस्किटांनी अडवलं. कॉर्नर जवळच्या खांबापाशी टाकले, तिथे मिस्किटांचा धिप्पाड बचावपटू हजर. लांबून मारले, गोलकीपरने झेलले. घरच्या तीन व्यक्ती, तीन वेगळी गुपितं, आणि तिन्ही फुटलेली.

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, तिघीही फितूर असतील हे जरा अवघड आहे, दुसरंच काहीतरी असावं. पण खात्यात अशा प्रसंगासाठी एक सुंदर शब्द होता, आणि निवृत्तीनंतर तो वापरायची संधी त्रिलोकेकरांना प्रथमच मिळत होती. रात्री पानावर बसल्यावर त्यांनी तो वापरला.

"या घरात संगनमत आहे."

ओवीने अनुजाकडे पाहिलं, अनुजाने सुनंदाबाईंकडे. त्रिलोकेकरांनी हे बघणंही लक्षात ठेवलं.

"बाबा, मी अलूअंकलशी आठवडाभर बोललेसुद्धा नाही," अनुजा म्हणाली.

"बोलायला कशाला पाहिजे? हल्ली सगळं फोनवर लिहितात."

"मग आजोबा, माझा फोन बघा," ओवीने फोन पुढे केला.

"जो आपणहून फोन दाखवतो त्याने आधीच पुसलेलं असतं."

"आणि मी?" सुनंदाबाईंनी विचारलं. "मी काय लिहिलं? मला तर बिल भरायलासुद्धा ओवी लागते."

"तू अलूच्या फ्लोरीकडे जातेस. परवा गेली होतीस. काय नेलंस?"

"लोणचं."

"लोणच्याबरोबर काय?"

सुनंदाबाईंनी भाताचं भांडं खाली ठेवलं. पंचेचाळीसएक वर्षांच्या संसारात त्यांनी पुष्कळ ऐकलं होतं, पण आजवर त्यांच्या लोणच्याची चौकशी झाली नव्हती. "वाढू का अजून?" एवढंच त्या म्हणाल्या.

"त्यात काय आहे?"

"भात आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी सुनंदाबाई उघडपणे, वाडीतल्या सगळ्यांना दिसेल अशा मिस्किटांकडे गेल्या. मिस्किटा व्हरांड्यात मांजरासाठी बोंबील निवडत बसले होते.

"अलूभावजी, एक सांगा. आमच्या घरातून तुम्हाला कोण सांगतं?"

"काय सांगतं?"

"यांचे डावपेच."

मिस्किटांनी बोंबील खाली ठेवला. "श्यामचे डावपेच असतात?"

"मग हे कुठे मारणार ते तुम्हाला कसं कळतं?"

"अहो वहिनी, तो कलतो. बटण दाबायच्या आधी त्या बाजूला सगळा कलतो, मोटरसायकल वळवल्यासारखा. तुमचा सोफा स्प्रिंगचा. तो माझ्याकडे आला की मी खाली जातो, पलीकडे गेला की वर येतो. मला टीव्ही बघायचं काम नाय. डोळे मिटून खेळू शकतो मी."

सुनंदाबाईंनी हे डोळ्यांसमोर आणलं. ते खरं होतं. क्रिकेट बघतानाही त्यांचा नवरा चेंडूबरोबर सीमारेषेपर्यंत जात असे, आणि सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला त्यांचा चहा हिंदकळत असे.

"तुम्ही त्यांना सांगितलं का नाही?"

"त्याने विचारलं? आठ दिवस माझ्याकडे असा बघतोय, जसं काय मी त्याचं पाकीट मारलं. आणि वहिनी, रविवारपर्यंत मी सांगू पण कशाला? खुर्ची मला पण पायजे. फ्लोरी म्हणते, एकदा तरी बसलेला दिसू दे."

हे रास्त होतं. सुनंदाबाई घरी आल्या. नवरा दारातच उभा होता.

"कुठे गेली होतीस?"

"फ्लोरीकडे."

"काय बोलणं झालं?"

साधं विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. पण त्या आवाजात जबाब नोंदवण्याची तयारी होती. "लोणचं कसं झालं ते विचारलं," असं म्हणून त्या आत गेल्या. तोंडाने सांगायचं नाही, एवढं त्यांनी ठरवून टाकलं.

रविवारी सामना त्रिलोकेकरांच्याच घरी ठेवावा लागला, कारण यंत्र तिथे. हेरंब पंच म्हणून गळ्यात शिट्टी घालून आला. व्हिडीओ गेमला शिट्टी आतच असते हे ओवीने त्याला सांगितलं, तरी त्याने ती काढली नाही. त्रिलोकेकर त्या दिवशी खरंच चांगले खेळले. पळायचं बटण जपून वापरलं, बचावात उभे राहिले, आणि गोलरेषेपर्यंत जाऊन बॉल मागे ढकलायचा, हा अनुजाचा धडा वापरून दोन गोल केले. इतक्या जवळून मारल्यावर गोलकीपर कुठे का असेना. मिस्किटांनीही दोन केले. बरोबरी झाली. आता पेनल्टी, प्रत्येकी पाच.

पेनल्टीला मारणाऱ्याने बाजू निवडायची, अडवणाऱ्याने अंदाजाने उडी घ्यायची. बाकी काही नाही. अनुजाने कपाळाला हात लावला, कारण आठवडाभर सासऱ्यांची एकही पेनल्टी आत गेली नव्हती.

तेवढ्यात सुनंदाबाई मटारची परात घेऊन बाहेर आल्या आणि दोघांच्या बरोबर मधे सोफ्यावर बसल्या. सोफा खोलवर हुंकारला आणि स्थिर झाला.

मिस्किटा बघतच राहिले. "वहिनी, इथे?"

"माझाच सोफा आहे, भावजी," त्या म्हणाल्या आणि मटार सोलायला लागल्या.

त्रिलोकेकरांनी पहिली पेनल्टी डावीकडे मारली. मिस्किटांचा गोलकीपर उजवीकडे झेपावला. गोल. मिस्किटांनीही आपली घातली. त्रिलोकेकरांची दुसरी उजवीकडे, मिस्किटांनी उडी डावीकडे घेतली. पुन्हा गोल. आणि मिस्किटांची दुसरी चक्क अडली. आठवड्यात प्रथमच त्रिलोकेकर पुढे होते. ओवीने आईचा दंड धरला. मिस्किटा बसल्या जागी सरकून बघत होते, पण सोफा काही बोलत नव्हता.

मधली खुर्ची आता तीन टिचक्यांवर आली होती. अशा वेळी माणसाने पुढे बघावं. त्रिलोकेकरांनी शेजारी बघितलं. ही इथे का बसली? आठवडाभर या खोलीत न येणारी बाई, नेमकी पेनल्टीला, नेमकी मधे? त्यांनी कान दिला. मटार सोलताना बांगड्या वाजत होत्या. कधी दोनदा, कधी तीनदा. मग थांबत होत्या.

"सुनंदा, ऊठ."

"बसू दे की."

"बांगड्या वाजतायत तुझ्या."

"मग काढून ठेवते."

"ऊठ म्हणतो ना."

"बाबा, बसू द्या ना आईंना," अनुजा म्हणाली. "तुम्ही पुढे आहात."

तिनेही रदबदली करावी, याने उरलीसुरली शंका फिटली. "पंच, यांना उठवा," त्रिलोकेकर म्हणाले. हेरंबने शिट्टी तोंडाशी नेली आणि सुनंदाबाईंचा चेहरा पाहून परत खाली घेतली.

सुनंदाबाईंनी नवऱ्याकडे नीट पाहिलं. "नक्की उठू?"

"नक्की."

"बरं," त्या म्हणाल्या, परात उचलली आणि आत गेल्या. स्प्रिंगा एकेक करून वर आल्या. मिस्किटांनी पाठ टेकली आणि त्यांच्या चेहऱ्यावर शांती पसरली.

त्रिलोकेकरांच्या उरलेल्या तिन्ही पेनल्टी अडल्या, मिस्किटांच्या दोन आत गेल्या. शेवटच्या वेळी तर मिस्किटा टीव्हीकडे बघतही नव्हते, ते छताचा पंखा बघत होते. हेरंबने एकदाची शिट्टी वाजवली आणि नव्या कप्तानाशी हस्तांदोलन केलं. मिस्किटा फ्लोरीला सांगायला निघाले, ते दारातून परत आले आणि म्हणाले, "श्याम, काळाचौकीला तू येणार ना? तुझ्याशिवाय मजा नाय." त्रिलोकेकर म्हणाले, बघू.

सगळे पांगल्यावर ते स्वयंपाकघरात गेले. सुनंदाबाई मटार संपवत होत्या.

"तू होतीस तोवर दोन्ही आत गेल्या. तू उठलीस आणि तिन्ही अडल्या. उठताना तू अलूला काय खूण केलीस?"

सुनंदाबाईंना आता दमल्यासारखं झालं होतं. "खूण मी नाही, तुम्ही करता," त्या म्हणाल्या. "मारायच्या आधी तुम्ही त्या बाजूला कलता. सोफ्यातून त्यांना कळतं. म्हणून मी मधे बसले होते."

त्रिलोकेकरांनी मनातल्या मनात एक शॉट डावीकडे मारून पाहिला असावा, कारण त्यांचा खांदा फ्रिजला लागला.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"अलूभावजींनी."

"कधी?"

"शुक्रवारी. त्यांच्या व्हरांड्यात."

"म्हणजे," त्रिलोकेकर म्हणाले, आणि आठवड्यात प्रथमच त्यांचा चेहरा समाधानाने फुलला, "तुमचं दोघांचं बोलणं होत होतं तर."