दळवीसाहेबांचे प्रश्न

शांतवनला वैमानिक व्हायचं होतं. लढाईच्या दिवसांत हवाईदलाची भरती निघाली, पण लेखी परीक्षेत वारा, ढग, नकाशे यांचं काय काय विचारतात, ते नगरात त्याला सांगणार कोण?

त्याची मोठी बहीण मार्था मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. तिच्या वॉर्डात दळवी नावाचे एक वैमानिक होते. अपघातानंतर त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. तिनं भीत भीत भावाची अडचण सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "कागद घ्या, सिस्टर."

मग ते रोज आठवून आठवून प्रश्न सांगू लागले. शांतवन घरी ते सोडवायचा आणि दुसऱ्या दिवशी मार्था त्याची उत्तरं त्यांना वाचून दाखवायची. एकदा वारा डावीकडून येत असताना त्यानं उत्तरात विमानाचं नाक वाऱ्याकडं, म्हणजे डावीकडं, वळवायच्याऐवजी उजवीकडं वळवलं. दळवी पोट धरून हसले.

"पुण्याला निघालेला तुमचा भाऊ जुन्नरला पोचला. पुन्हा सोडवायला सांगा."

पावसाळा सरला तसा शांतवन परीक्षेत पास झाला आणि तडक दवाखान्यात गेला. दळवींची पट्टी निघाली होती, पण एक डोळा गेला होता. आता त्यांना विमान चालवता येणार नव्हतं.

"साहेब, तुमच्यामुळं झालं," एवढंच तो म्हणाला.

"अरे, नुसता पडून मी वेडा झालो असतो," दळवी म्हणाले. "तुझ्या चुका काढताना रोज घटकाभर मी वर आभाळात असायचो. बस जरा. तू दिसतोस कसा ते तरी बघू दे."

शांतवन खाटेजवळ बसला. मार्थानं दोघांना चहा आणून दिला.