पाचव्या सुराचा पावा

मी एक जुना पावा आहे. जुना म्हटल्यावर धूळ खात खुंटीला लटकलेला लाकडी पावा तुमच्या डोळ्यांपुढे आला असेल. मित्रांनो, मी तसा नाही. माझ्या अंगात लाकडाचा कण नाही आणि माझी भोकेसुद्धा रंगवलेली आहेत. मी एका व्हिडिओ गेममधला जादूचा पावा आहे. टीव्ही लावला की मी दिसतो, बंद केला की दिसत नाही. ऐकू मात्र मला कायम येते. हे कसे, ते मला घडवणाऱ्यांनाही सांगता येणार नाही.

माझा जन्म एका ऑफिसात झाला. तिथली माणसे दिवसभर खुर्चीत बसून डोंगर, राक्षस आणि घोडे बनवत असत आणि संध्याकाळी पाठ धरून घरी जात. एका चित्रकार बाईने मला मोठ्या हौसेने काढले. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मला बराच वेळ न्याहाळले.

"छान आहे," ते म्हणाले. "पण शूर वीराच्या हातात गाजर कशाला?"

"सर, तो पावा आहे."

"मग भोकं दाखवा ना."

अशी मला भोके मिळाली. पुढे माझ्यासाठी आवाज हवा होता. एका वादकाला बोलावून गाद्या लावलेल्या खोलीत बसवण्यात आले. त्याने खराखुरा पावा ओठांना लावला आणि माझे पाच सूर एकेक करून वाजवले. त्या दिवशी बिचाऱ्याला भयंकर सर्दी झाली होती. चार सूर कसेबसे पार पडले. पाचव्याला त्याला शिंक आली. ती दाबता दाबता त्याची फुंक कमी पडली आणि सूर जरासा खाली घसरला.

"हा पुन्हा घेऊ या," वादक नाक पुसत म्हणाला.

"अजिबात नको," साहेब म्हणाले. "यात एक दर्द आहे."

तो दर्द नव्हता, ती शिंक होती. पण साहेबांपुढे कोण बोलणार? माझा पाचवा सूर तसाच राहिला.

त्या पाच सुरांतून माझी गाणी बांधली गेली. कंट्रोलरच्या पाच बटणांवर पाच सूर. एक गाणे वाजवले की पाऊस पडे. एक वाजवले की वीराचा घोडा असेल तिथून धावत येई. एका गाण्याने राक्षस झोपत. सगळ्यात लांब गाणे होते दाराचे. गेमच्या शेवटी एक भले मोठे दार होते आणि त्याच्यापुढे एक दगडी द्वारपाल हातात बादली घेऊन उभा होता. गाणे बरोबर आले तर दार उघडायचे. चुकले तर तो "चुकलास, वाटसरू" म्हणून बादलीभर पाणी वीराच्या डोक्यावर ओतायचा. दाराच्या आत काय आहे, हे मलाही ठाऊक नव्हते. पाव्याला कोण सांगतो?

माझ्यासारखे हजारो पावे हजारो घरांत गेले. मी ज्या घरात आलो तिथे एक शाळकरी मुलगी होती. तिने माझे जे काही केले, ते आठवले की आजही मला गहिवरून येते. पावसाचे गाणे शिकल्यावर तिने ते भर बाजारात इतक्या वेळा वाजवले, की भाजीवाले, कासार, शिंपी सगळे आपापल्या दुकानांत दडून बसले आणि वीराला साधी ढाल विकत घ्यायची सोय उरली नाही. घोड्याला ती कुठेही बोलवायची. एकदा तिने विहिरीच्या तळाशी उभी राहून बोलावले. घोडा आला. मग तो वर कसा काढायचा, यावर घरात रविवारभर खल झाला.

शिवाय ती माझी गाणी गायची. आंघोळ करताना, वेणी घालताना, जिना उतरताना. आईने "जेवायला ये" म्हटले की ती घोड्याच्या चालीत "आले" म्हणायची. माझ्या आयुष्यातले ते भरभराटीचे दिवस.

दारापर्यंत ती पोचली, पण दाराच्या गाण्यात तिची बोटे अडखळत. वीर चिंब भिजून निघे आणि ती हसत पुन्हा सुरुवात करी. मग एक दिवस ती शाळेतून आली, टीव्हीसमोर बसली, पण तिने टीव्ही लावला नाही. थोड्या वेळाने तिने माझा गेम आणि सगळ्या वायरी बुटांच्या एका खोक्यात कोंबल्या आणि खोके कपाटावर टाकले. मला वाटले, नवा गेम आला असेल. आम्हा जुन्यांना तसेच वाटते.

खोक्यात माझी बरीच वर्षे गेली. वायरींचा असा गुंता झाला होता, की कोण कुठे संपतो ते आमचे आम्हालाच कळेनासे झाले. खालून घरातले आवाज येत. मुलगी मोठी झाली, चष्म्यांच्या दुकानात कामाला लागली, येणाऱ्या-जाणाऱ्याला "आता वाचून बघा" म्हणू लागली. पण तिचे गाणे मात्र मला पुन्हा ऐकू आले नाही. आंघोळ करतानासुद्धा नाही.

मग त्या घरात तिची आत्या राहायला आली. आत्याने सगळा जन्म शाळेत गाणे शिकवले होते. तिथे तिला पट्टीबाई म्हणत. ती पट्टी सुरांची, की हातावर बसणारी, याचा निकाल विद्यार्थ्यांनी कधी लावला नाही. पडदे काढताना ती स्टुलावरून पडली आणि तिचे मनगट मोडले. प्लास्टर निघाले, पण बोटे काही वळेनात. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला.

"चेंडू दाबत बसायला मी काय मांजर आहे?" पट्टीबाई म्हणाल्या आणि चेंडू सोफ्याखाली गेला.

भाचीने पुष्कळ विनवण्या केल्या. शेवटी तिला काय आठवले कोण जाणे, तिने खुर्चीवर चढून कपाटावरचे खोके काढले, आमचा गुंता सोडवला आणि कंट्रोलर आत्याच्या हातात दिला.

"हे काय?"

"पावा आहे आत्या. पाच बटणं, पाच सूर. वाजवून बघ."

पट्टीबाईंनी नाक मुरडत पहिले बटण दाबले. मी इतक्या वर्षांनी वाजलो. मित्रांनो, काय सांगू, अंगावरची रंगवलेली भोकेसुद्धा शहारली.

पट्टीबाईंना राक्षस मारण्यात काडीचा रस नव्हता. राक्षस समोर आला की त्या झोपेचे गाणे वाजवत आणि "हं, झोप आता" म्हणून पुढे जात. गावातली माणसे मध्येच बोलली तर त्यांना रागवत. पण गाणी त्या अशी वाजवत, की मी इतका गोड आहे हे मला तेव्हा प्रथम कळले. हळूहळू त्यांची बोटे वळू लागली. डॉक्टरांना वाटले, चेंडूचा गुण आहे.

अशा त्या दारापाशी पोचल्या. दाराचे गाणे सुरू केले आणि मध्येच थांबल्या.

"हा पाचवा सूर उतरलाय."

"असू दे गं," भाची म्हणाली. "गेम आहे."

"गेम असला म्हणून काय झालं?"

कंट्रोलरवर एक छोटी दांडी होती. ती कलवली की सूर किंचित चढे. पट्टीबाईंनी ती बरोबर हवी तेवढी कलवली आणि सगळे गाणे इतके सुरेल वाजवले, की मी गहिवरलो. द्वारपाल म्हणाला, "चुकलास, वाटसरू," आणि बादली ओतली.

गेमला तो सूर उतरलेलाच हवा होता. सरळ बटण दाबले तरच तो मोजत असे. पट्टीबाईंना हे मान्य नव्हते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. बिचाऱ्या वीराचे कपडे वाळायला उसंत मिळेना. "या दगडाचे कान तपासून घ्या कुणीतरी," असे म्हणून पट्टीबाई पुन्हा दांडी कलवत.

एका संध्याकाळी भाची दुकानातून दमून आली, तेव्हा हेच चालले होते.

"आत्या, सरळ दाब ना ते बटण. मला एकदा आत काय आहे ते बघायचंय."

"जन्मभर पोरांना सुरात आणलं मी. आता बेसूर वाजवून दार उघडू?"

"नको उघडूस. माझं लहानपणापासून बंदच आहे."

पट्टीबाईंनी मान वळवली. "म्हणजे?"

भाची पायातल्या चपला काढत होती, ती तशीच वाकून राहिली. "शाळेत तू बसवलेल्या समूहगीतात मी मागच्या रांगेत होते. तू मला म्हणालीस, तू नुसते ओठ हलव, आवाज काढू नकोस. सगळ्यांसमोर."

"मला आठवत नाही."

"माहितेय मला."

"पण म्हणाले असेन," पट्टीबाई हळू आवाजात म्हणाल्या. "मी म्हणत असे तसं."

तर मला खोक्यात जावे लागले ते यामुळे. भाची स्वयंपाकघरात गेली. भांडी नेहमीपेक्षा जास्त वाजली. वीर दारासमोर थेंब गाळत उभा होता.

दुसऱ्या दिवशी जेवणे आटोपल्यावर पट्टीबाई एकदम म्हणाल्या, "माझी लय चुकतेय. तू जरा चाल म्हण, मी त्यावर वाजवते."

त्यांची लय चुकत नव्हती. मी त्यांच्या हातात होतो, मला ठाऊक आहे.

"मी नाही गात," भाची म्हणाली.

"मला कुठे मैफल ऐकायचीय? चाल म्हण फक्त."

भाची पडद्याकडे बघत, जेमतेम ऐकू येईल असे गुणगुणू लागली. पहिला सूर जागेवर. दुसरा, तिसरा, चौथाही. पाचवा आला तो किंचित उतरलेला. पट्टीबाईंनी हात वर केला.

"पुन्हा म्हण."

"बघ, लगेच सुरू झालं तुझं."

"अगं, पुन्हा म्हण. तेवढाच सूर."

भाचीने म्हटला. पट्टीबाईंनी दांडीला हात न लावता माझे पाचवे बटण दाबले. तिचा आणि माझा सूर एकमेकांत असा मिसळला, की दोनाचा एकच झाला.

पट्टीबाईंनी कंट्रोलर मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "हा पावा तुझ्याकडे त्या समूहगीताच्या आधीपासून होता?"

"हो. दिवसभर हीच गाणी म्हणायचे मी."

"तू बेसूर नव्हतीस गं. तुझा गुरू बेसूर होता." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आणि मी रागावले शिष्येला. काय कान म्हणायचा पोरीचा. त्याची खोटसुद्धा जशीच्या तशी उचलली."

माझ्याबद्दल जे बोलले गेले ते मी गिळले. दोष शिंकेचा होता, पण ती वेळ वाद घालायची नव्हती.

मग पट्टीबाईंनी काढा पिताना करतात तसा चेहरा केला आणि दाराचे सगळे गाणे सरळ बटणांवर वाजवले. भाची बरोबर गात होती, आता ऐकू येईल अशी. द्वारपालाने बादली खाली ठेवली. दार उघडले.

आत एक बाग होती. बागेत एक राणी होती. ती म्हणाली, "ये वाटसरू, तुझीच वाट बघत होते," आणि पडद्यावर गेम बनवणाऱ्यांची नावे सरकू लागली.

"एवढंच?" पट्टीबाई म्हणाल्या.

"एवढंच," भाची म्हणाली. ती इतकी हसत होती, की तिला डोळे पुसावे लागले.

पुढे आत्या आपल्या घरी गेल्या, पण शिकवणी सुटली नाही. भाची फोन टेबलावर उभा करून गाते आणि पलीकडून "अजून वर, जरा वर" ऐकू येते. हट्टी गुरू आणि त्याहून हट्टी शिष्या. तिचा पाचवा सूर आता अगदी जागेवर बसला आहे. माझा बसणार नाही. मित्रांनो, माणसाचे हे एक बरे असते, त्याला पुढेही शिकता येते. मला एकदा जसे ध्वनिमुद्रित केले तसाच मी कायम राहणार. म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. कुणाचा सूर उतरला तर त्याला गप्प करण्याआधी तो कुणाकडून शिकला ते विचारा. आणि घरात माझ्यासारखे जुने कुणी असेल तर त्याच्यावरची धूळ पुसा, वायरी नीट गुंडाळा. गुंत्यात फार घुसमटते.

मी आता टीव्हीशेजारच्या फळीवर असतो. दुकानाला सुट्टी असली की भाची मला सुरू करते. लढाई नाही, दार नाही. वीराला ती एका खडकावर बसवते आणि आम्ही दोघे गातो. चार सूर ती आत्याने शिकवल्यासारखे लावते. पाचव्याला मात्र मुद्दाम थोडी खाली उतरते, माझ्यासाठी.