पाणी न घातलेला ग्लास

"सूनबाई, हा ग्लासात पाणी घालायचा थांबला, की घरातल्या गॅसवर नजर ठेवा," असं नाकसाहेब त्यांच्या निरोपाच्या जेवणात मला म्हणाले होते. कारखान्यातलं बर्बन व्हिस्कीचं प्रत्येक पिंप त्यांच्या नाकाखालून जायचं, म्हणून हे नाव. आता त्यांच्या खुर्चीत माझा नवरा बसणार होता.

"काका, पाणी नाही घातलं तर चढेल. गॅसचं काय त्यात?" मी हसले. ते हसले नाहीत. तेवढ्यात आमच्या लेकीने, ठमीने, माझ्या पदरावर घास थुंकला आणि विषय तिथेच राहिला.

नवरा कामाचे नमुने घरीही आणायचा. पिंपातून थेट काढलेली, पाण्याचा थेंब न मिसळलेली व्हिस्की, छोट्या बाटल्यांतून. तोंड किंचित उघडं ठेवून ग्लास नाकाखाली धरायचा, घोट जिभेवर घोळवायचा, वाडग्यात थुंकायचा. मग ड्रॉपरने पाणी. "ये, आता बघ कशी उघडते!" म्हणून मला हाक मारायचा. खरंच, आधी नुसता भडका असायचा. पाणी पडलं की व्हॅनिला, करपलेली साखर, संत्र्याची साल असं एकेक बाहेर यायचं.

मध्ये तो तापाने आडवा झाला. उठल्यापासून ड्रॉपर कोरडाच.

"पाणी?"

"नको. अशीच खरी. दमदार!"

मग प्रत्येक बाटली दमदार. एकदा ठमी लंगोट भरून त्याच्या मांडीवर बसलेली, आणि हा आपला शांतपणे पेपर वाचतोय.

"नाक मेलं का रे तुझं?" मी चिडवलं.

त्याने पेपर आणखी वर धरला.

गेल्या आठवड्यात औषधं घेऊन परत येताना मला जिन्यातच वास आला. धावत वर गेले. दूध उतू जाऊन शेगडी विझलेली, बटण चालूच. ठमी ओट्याखाली झाकणं आपटत होती. हा खिडकीपाशी, हातात ग्लास. खिडकी बंद.

बटण फिरवलं, खिडक्या उघडल्या, ठमीला उचलून बाहेर जिन्यात उभी राहिले.

"वास नाही आला तुला?"

तो उंबऱ्यात येऊन थांबला. "मला कसलाच येत नाही गं. नुसती जळजळ कळते. पाणी घातलं की तीही जाते. मग ग्लासात काही आहे की नाही, हेही कळत नाही."

नाकसाहेब काय म्हणाले होते, ते तेव्हा डोक्यात शिरलं.

"डॉक्टरकडे चल. कारखान्यात सांग."

"काय सांगू? नाक गेलं? मग मला ठेवतील कशाला, बाटल्या पुसायला? या मोसमाची पिंपं निवडून होऊ देत. मग तू म्हणशील ते."

आज माझा रजेनंतरचा पहिला दिवस. पाळणाघर अचानक बंद, म्हणून ठमी त्याच्याजवळ. "गॅसला हात लावणार नाही," असं त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं. मी सिलिंडर बंद केला, तिचं दूध थर्मासमध्ये भरलं आणि निघाले.

दुपारी ऑफिसात चहा ओतायला माझा थर्मास उघडला. आत दूध. दोन्ही थर्मास एकसारखे. चहा घरी राहिलाय.

म्हणजे ठमी भुकेने रडली असणार. म्हणजे त्याने थर्मास उघडून बघितला असणार. आणि मग? दूध तापवायला सिलिंडर उघडला असेल?

रिंग जातेय, तो उचलत नाही. ग्लास हातात असला की फोनचा आवाज बंद करून ठेवतो. शेजारच्या काकू लेकीकडे गेल्यात. अग्निशमन दलाला कळवलंय, मीही टॅक्सीत आहे, पण पुढे रस्ता तुंबलाय. म्हणून हे इमारतीच्या ग्रुपवर टाकतेय. जे कुणी वाचाल ते, तुमच्याहून जवळ कुणी नाही असं समजून निघा.

दुसरा मजला, दाराशी लाल तिचाकी सायकल. बेल दाबू नका, जिन्यातला दिवा लावू नका. हातानेच दार ठोका, जोरात. तो दार उघडेल आणि म्हणेल, सगळं ठीक आहे. त्याच्या म्हणण्यावर जाऊ नका. आधी तुम्ही वास घ्या, आणि ठमीला बाहेर आणा.