शेफालीच्या लग्नाचं शूटिंग

कॉम्प्युटरमधून पुन्हा तोच आवाज आला. टक. टक. टक. मग घरघर, आणि परत टक.

“काय वाजतंय ओ हे?” चंद्राबाईंनी विचारलं.

“मशीन जुनं झालंय मावशी. दम घेतंय,” सलीम म्हणाला. त्याची नजर पडद्यावरून हलली नाही. पडद्यावर ‘मानसिंग-शेफाली’ असं नाव दिसत होतं. उघडत मात्र काही नव्हतं.

भोरच्या एसटी स्टँडसमोर सलीमचं फोटो आणि व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. भाटघरच्या कुंडलिक आणि चंद्राबाईंच्या एकुलत्या एक मुलीचं, शेफालीचं लग्न त्यानंच कॅमेऱ्यावर काढलेलं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत ती काविळीनं गेली. लग्नाच्या सीडी सासरी होत्या. त्या मागायला कुंडलिक गेले, तेव्हा तिथं जावयाच्या दुसऱ्या सोयरिकीची बोलणी चालली होती. जुनं सगळं नदीला सोडलं, असं त्यांना उंबऱ्यातच सांगितलं गेलं. कॅमेऱ्याच्या टेपवर सलीमनं नेहमीप्रमाणे पुढची लग्नं घेतली होती. उरली होती ती या हार्ड डिस्कमधली प्रत.

“समदं नगं आमाला,” चंद्राबाई म्हणाल्या. “तिनं नाव घेतलं तेवढंच दावा. बाया म्हणत हुत्या, लई झ्याक नाव घेतलं पोरीनं. म्या तवा आत, वाढप्यांना भात काढून देत हुते. ऐकलंच न्हाई म्या.”

 भिंतीवर लावलेले दुसऱ्यांच्या मुलींचे फोटो बघत कुंडलिक उभे होते.

सलीमनं कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला. या वेळी चित्र आलं. मांडवाची कमान, कुणाची तरी पाठ, झालर.

“आला की आपला मांडव!” चंद्राबाईंनी स्टूल पुढं ओढलं. “आता येईल बगा ती.”

चित्र तिथंच थिजलं. मग पडदा निळा झाला.

“आणिक एकदा लावा.”

त्यानं लावला. पुन्हा लावला. शेवटी कॉम्प्युटर हार्ड डिस्क ओळखेनासाच झाला. टकटक तेवढी चालू राहिली.

“दोन-चार दिवस द्या मला,” सलीम म्हणाला. “काका, मी करतो काहीतरी.”

फोनवर एका ओळखीच्यानं उपाय सांगितला, की हार्ड डिस्क पिशवीत बांधून बर्फाच्या कप्प्यात ठेव, कधीकधी तेवढ्यापुरती चालते. घरी त्याच्या बायकोनं, अकिलानं, फ्रीजमधलं मटण काढून जागा करून दिली.

“कुनाचं हाय यात?” तिनं विचारलं.

“त्या भाटघरच्या पोरीचं.”

 फ्रीजचं दार अकिलानं जपून लावलं. पण त्या दिवशी दुपारभर वीज नव्हती, आणि संध्याकाळी हार्ड डिस्क बाहेर काढली तेव्हा तिच्यावर नुसतं पाणी सुटलं होतं. ती चालली नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून तो पुण्याला गेला. हार्ड डिस्क दुरुस्त करणाऱ्या बाईंनी ती आतल्या खोलीत नेली. बऱ्याच वेळानं त्या बाहेर आल्या.

“आतली सुई तबकडीवर घासलीय,” त्या म्हणाल्या. “आवाज यायला लागल्यावर किती वेळा चालू केलीत?”

“बऱ्याच वेळा. का?”

“दर वेळी थोडं थोडं खरवडलं गेलं. आता यातून काही निघणार नाही.”

परतीच्या एसटीत हार्ड डिस्क त्याच्या मांडीवर होती. भोरला उतरल्यावर तो घरी गेला नाही. मोटारसायकल काढली आणि तसाच भाटघरला गेला.

चंद्राबाईंनी त्याला बघितलं आणि आधी चहा ठेवला. कप हातात आल्यावर त्यानं सांगितलं.

“म्हंजे गेलं?”

“गेलं, मावशी.”

 चंद्राबाई त्याच्या समोर येऊन बसल्या.

“पर तुमी तर पायलंय न्हवं? तुमीच काढलं, तुमीच जोडलं. काय म्हणली ती?”

सलीमनं आठवून बघितलं. त्या साली त्यानं किती लग्नं काढली होती, त्याचा त्यालाच हिशेब नव्हता. मांडववाला तोच, खुर्च्या त्याच, आणि मान खाली घातलेल्या सगळ्या मुली. त्यातली शेफाली कोणती, हे त्याला आठवेना. तसं सांगावं म्हणून त्यानं तोंड उघडलं.

“हिरवा शालू होता,” तो म्हणाला. “आधी नको नको करत होती. मग मैत्रिणींनी पुढं ढकललं...”

“हिरवा न्हवता,” कुंडलिक दारातून म्हणाले. “जांभळा हुता. म्याच आनला हुता पुण्यास्नं.”

“गप ऱ्हावा तुमी,” चंद्राबाई वळल्या नाहीत. “बोला भाऊ. मंग?”

“मग हसली. आणि म्हणाली...” सलीमनं कप खाली ठेवला. “भाटघरच्या पान्यावर वाऱ्याची लाट, मानसिंगरावांसंगं चालते सासरची वाट.”

उखाणा साधाच होता. तालुक्यातल्या कुठल्याही मांडवात ऐकू येईल असा.

चंद्राबाईंचे ओठ हलले. आवाज न करता त्या शब्द न् शब्द म्हणून बघत होत्या. कुंडलिक बाहेर गेले आणि दाराकडं पाठ करून ओट्यावर बसले.