सहा सेकंदांची परवानगी

भटक्या कुत्र्यांना घरं शोधून देणाऱ्या संस्थेची साइट, आणि सोमवारपासून तिच्यावर एकाही कुत्र्याला तोंड नव्हतं. फोटोच्या जागी कोरा चौकोन आणि खाली साहेबांनी स्वतः लिहिलेलं वर्णन : 'तपकिरी, नर, वर्तणूक समाधानकारक.' यापेक्षा जास्त माहिती लोक हरवलेल्या छत्रीची देतात.

साइट सांभाळणाऱ्या पोरीला सगळे तडतडी म्हणायचे, आणि आज तर ती सकाळपासूनच तापलेली. संध्याकाळी पाचला गाडी येणार होती. ज्या कुत्र्याला घर मिळालं नाही तो दूरच्या केंद्रात जाणार, आणि तिथून परत आलेला कुत्रा अजून कुणी पाहिला नव्हता. यादीत एकच नाव उरलं होतं, तिपाई. म्हातारी, तीन पायांची, तडतडीच्या टेबलाखाली घोरणारी.

रोग सापडला होता. फोटो लहान करून द्यायचं काम आजवर बाहेरची एक फुकट सेवा करायची, ती सोमवारी बंद पडली. तेच काम आपल्या सर्व्हरवर साइट चालवणाऱ्या पीएचपीलाही जमतं, फक्त त्याचं एक्सटेन्शन, म्हणजे जादाचा जोडभाग, चालू करावं लागतं. तडतडीने सेटिंगच्या फाईलमध्ये ते चालू केलं. तरी चौकोन कोरेच. कारण सर्व्हर ती फाईल फक्त उठताना वाचतो, आणि हा गडी तीन वर्षं चार महिने झोपलाच नव्हता.

"साहेब, सर्व्हर रीस्टार्ट करायचाय. सहा सेकंद."

"म्हणजे बंद?"

"बंद करून लगेच चालू."

"अगं, अहवालात छापलंय मी, 'अखंड सेवा' म्हणून! ते एक्स... जे काय असेल ते, तू चालू केलंस ना?"

"फाईलमध्ये केलं."

"मग चालू केलेलं बंद कशाला करायचं? अर्ज दे. पुढच्या महिन्यात समिती बसेल."

"गाडी पाचला येतेय, साहेब."

"गाडीला कुठे रीस्टार्ट लागतो?" स्वतःच्याच विनोदावर साहेब खुर्चीसकट हलले.

तडतडीच्या डोक्यात तिडीक गेली. तरी तिने मुकाट्याने अर्ज लिहिला, चांगला दोन पानी, आणि कुत्र्यांना खाणं घालणाऱ्या काकांच्या हाती दिला.

"साहेबांना द्या, आणि तिथेच उभे राहा."

"शुद्धलेखन तपासलंस?"

"छे! मुद्दाम नाही तपासलं."

काका मिशीतल्या मिशीत हसले. चुका काढायला बसलेले साहेब वीस मिनिटं मान वर करत नसत. तडतडीला सहा सेकंद पुरले.

फोटो आले. सगळे. सगळ्यात वर तिपाई, जीभ बाहेर, एक कान उभा.

सव्वाचारला साहेबांचा मोबाईल वाजला. पलीकडचा आवाज इतका खणखणीत की काकांनाही ऐकू आलं.

"अहो, ही तीन पायांची तुमच्याकडचीच ना? घरी कधी बोलला नाहीत!"

"अगं, म्हातारी आहे ती."

"मग मी काय कोवळी आहे? येताना घेऊन या."

"पण तुला फोटो दिसला कसा?" साहेबांनी तडतडीकडे पाहिलं. तडतडी स्क्रीनकडे पाहत होती.

"हो. हो गं. आणतो." साहेबांनी फोन ठेवला आणि ते तडतडीच्या टेबलाखाली वाकले. तिपाईने एक डोळा उघडला आणि मिटला.

"उठत नाहीये ही."

"उचलावी लागते," तडतडी म्हणाली. "तुम्ही कितव्या मजल्यावर राहता, साहेब?"

"चौथ्या," साहेब म्हणाले आणि बाह्या वर करायला लागले.